लहान मासेमारी होडीकरितां खोलीमापक व नकाशादर्शक यंत्राची निवड

शेतकऱ्यांच्या मासिकांत होडीवरील यंत्राचा लेख पाहून आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यांत ज्यांची वस्ती आहे त्यांस तसें वाटावयाचें कारण नाहीं. तुडीलच्या आसपास व तेथून खालीं सावित्रीच्या कांठानें अशीं पुष्कळ घरें आहेत कीं, ज्यांच्या सातबाराच्या उताऱ्यावर भाताची जमीन आहे आणि ज्यांच्या एखाद्या भावाची किंवा जांवयाची बाणकोट, हरिहरेश्वर वा श्रीवर्धनकडील होडींत पाती आहे. भाताचा पैसा होडीस लागतो, आणि होडीचा पैसा खारीच्या बांधाला लागतो. शिवाय २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांपर्यंत वाढविण्यांत आली, आणि एप्रिल २०२५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हां या विषयाकरितां येथें चार पानें मागणें अनाठायीं होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

आम्ही स्वतः दर्यावर्दी नव्हों. आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत, फेरफाराच्या वह्या व जमाबंदीचे तक्ते यांच्या संगतींत गेली. पण माणसास कागद वाचण्याची संवय आहे असें एकदां ठरलें म्हणजे आप्तेष्ट त्यास हरएक खरेदीस सोबत नेतात. आमच्या एका आप्ताची बाणकोटच्या बाजूस एका होडींत निम्मी पाती आहे. होडी सुमारें अठ्ठावीस फूट लांबीची, फायबरची, लहान इंजिनाची. तांडेल धरून चार माणसें. पहाटे निघून दहा-बारा सागरी मैलांपर्यंत जावयाचें व दुपारपर्यंत परतावयाचें असा तिचा क्रम. दोन सालांपूर्वीं भाताचे व आंब्याचे मिळून जें शिल्लक पडलें त्यांतून या होडीवर यंत्र बसवावें असें ठरलें, व आम्हांस शहरांतील दुकानीं नेण्यांत आलें. त्या खरेदींत, आणि खरेदीनंतर झालेल्या एका नुकसानींत, आम्ही जें शिकलों तें येथें लिहितों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, बाजारांत एकाच डब्यांत मिळणारें हें यंत्र मूळचीं दोन निराळीं यंत्रें आहेत. पहिल्यास फिशफाइंडर म्हणतात. तें पाण्याखालीं ध्वनि सोडतें, तळावरून व माशांवरून परत येणारा प्रतिध्वनि ऐकतें आणि लागलेल्या वेळावरून खोली काढतें. समुद्राच्या पाण्यांत ध्वनि एका सेकंदांत सुमारें १५०० मीटर जातो. म्हणजे तळ तीस मीटरांवर असेल तर ध्वनीस जाऊन-येऊन साठ मीटर चालावें लागतें व त्यास सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. १९२५ ते १९२७ या काळांत 'मीटिऑर' नांवाच्या जर्मन जहाजानें याच रीतीनें दक्षिण अटलांटिक महासागराचा तळ मोजला, आणि १९४८ सालीं जपानांत नागासाकी प्रांतीं फुरुनो बंधूंनीं तीच युक्ति मासे शोधण्याकडे लावून व्यापारी यंत्र काढलें. दुसऱ्या यंत्रास चार्टप्लॉटर म्हणतात. तें पाण्याखालचें कांहींच पाहत नाहीं. तें आकाशांतील उपग्रहांचे संदेश घेऊन होडी कोठें आहे तें ठरवितें व तें स्थान समुद्राच्या नकाशावर दाखवितें. अमेरिकेची जी. पी. एस. पद्धति १९९५ पासून पूर्णपणें चालू झाली. तिच्यांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्यें काढून टाकण्यांत आली, तेव्हांपासून साध्या यंत्रासही पांच-दहा मीटरांच्या आंत स्थान मिळूं लागलें.

दुकानदार दोन्ही यंत्रांची स्तुति एकाच दमांत करतो. आपण मात्र पैसा कोणत्या अंगास अधिक द्यावयाचा हें दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं ठरवावें. तें सर्वस्वीं जाळ्यावर अवलंबून आहे. ज्यांची मासेमारी डोलीची आहे, त्यांचें जाळें खुंटांना बांधलेलें असतें व भरती-ओहोटीचा ओघच बोंबील, जवळा, कोळंबी त्यांत आणून घालतो. अशा माणसास मासे दाखविणाऱ्या यंत्राचा उपयोग नाहीं. धुक्यांत किंवा अंधारांत आपले खुंट बिनचूक सांपडावे एवढेंच त्यास पाहिजे, म्हणजे त्यानें नकाशा व खुणा यांवरच खर्च करावा. ज्यांचें जाळें पाण्यांत तरंगत वाहतें, त्यांचीही गोष्ट जवळजवळ तशीच. सुरमई किंवा बांगड्याचा थवा होडीच्या बरोबर खालीं येईल तेव्हांच पडद्यावर दिसेल, व उथळ पाण्यांत इंजिनाच्या आवाजानें तो बहुधा बाजूस सरतो. खडकाळ जागीं गळानें घोळ किंवा तांब धरणाऱ्यांस मात्र पहिलें यंत्र खरोखर कामाचें, कारण त्यांस खडकाची कड पाहिजे असते व ती कड यंत्र स्पष्ट दाखवितें. आमच्या आप्ताची होडी तरंगत्या जाळ्याची. तरीसुद्धां दुकानांत त्याचा जीव माशांच्या चित्रांवर जडला, आणि त्याचें कारण सांगण्यासारखें आहे.

दुकानांतील यंत्राच्या पडद्यावर निळें पाणी, तांबडा तळ व त्यावर कमानीसारखे एकामागून एक मासे सरकत होते. आमचा आप्त म्हणाला, "भाऊसाहेब, हें पाहा, एवढे मासे!" आम्हांस महसुली शंका आली कीं, या दुकानांत समुद्र कोठून आला. विचारतां विक्रेत्यानें सहज सांगितलें कीं, हें यंत्रांत भरून ठेवलेलें नमुन्याचें चित्र आहे. यांत त्यानें लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. अशी सोय बहुतेक प्रत्येक यंत्रांत असते व शिकण्यास ती उपयोगीही पडते. परंतु तें चित्र पाहून यंत्राची निवड करणें म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरील कणीस पाहून पिकाची आणेवारी लावण्यासारखें आहे. खरें चित्र पाहावयाचें असेल तर ज्याच्या होडीवर तेंच यंत्र आहे अशा माणसाबरोबर एक फेरी करावी. आणखी एक. कांहीं यंत्रें प्रतिध्वनीच्या जागीं माशाचें लहानसें चित्र काढतात व खोलीचा आंकडा देतात. तें चित्र यंत्राचा तर्क असतो. पाण्यांतील बुडबुडे, वाहतें शेवाळ, प्लॅस्टिकची पिशवी यांचाही त्यास मासा दिसतो. ही सोय बंद करून मूळ प्रतिध्वनि पाहण्याची संवय करावी.

आतां ध्वनीच्या शंकूविषयीं. ट्रान्सड्यूसर म्हणून जो लहानसा गोळा होडीच्या तळाशीं बसवितात त्यांतून ध्वनि शंकूच्या आकारानें खालीं पसरत जातो. २०० किलोहर्ट्झच्या उंच ध्वनीचा शंकु बारीक, साधारण २० अंशांचा धरला, तर तीस मीटर खोलीवर त्याची रुंदी साडेदहा मीटरांच्या आसपास भरते. ५० किलोहर्ट्झच्या खालच्या ध्वनीचा शंकु ४५ अंशांचा धरला, तर तेथेंच ती पंचवीस मीटर होते. खाडीच्या पांच मीटर पाण्यांत बारीक शंकु सुमारें पावणेदोन मीटरच पाहतो, म्हणजे होडीच्या रुंदीपुरतेंच. यावरून खाडींत मासे शोधण्यास हें यंत्र किती उणें पडतें तें कळेल. उंच ध्वनि बारीक तपशील दाखवितो पण लवकर विरतो; खालचा ध्वनि खोल जातो पण चित्र ढोबळ देतो. नवीं यंत्रें एकाच आवाजाऐवजीं खालपासून वरपर्यंत चढत जाणारा आवाज सोडतात. त्यास चर्प म्हणतात, व त्यानें दोन जवळचे मासे वेगळे दिसतात. किमतींत फार अंतर नसेल तर तें घ्यावें. मात्र पांचशें मीटर किंवा हजार मीटर खोलीची जी जाहिरात असते तिला भुलूं नये. आपल्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आंत पाणी बहुधा चाळीस मीटरांहून कमीच असतें. ज्या विहिरीस तीस फुटांवर पाणी आहे तिच्यावर तीनशें फुटांचा पंप कोणी बसवीत नाहीं.

सावित्रीच्या मुलखांत गाळाची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. महाबळेश्वराहून निघून पोलादपूर-महाडवरून येणारी ही नदी पावसाळ्यांत किती गढूळ होते हें २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळील जुना दगडी पूल पडला तेव्हां साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. पुरांत गेलेल्या एस. टी. गाड्यांचा सांगाडा नौदलाच्या पाणबुड्यांसारख्या माणसांनाही सांपडण्यास आठवड्याहून अधिक काळ लागला. अशा पाण्यांत डोळा निरुपयोगीच. परंतु ध्वनीलाही गाळ फसवितो. तळाशीं जो पातळ, अर्धवट बसलेला चिखल असतो त्याच्या वरच्या थरावरूनच २०० किलोहर्ट्झचा ध्वनि परत फिरतो, आणि खालचा ध्वनि तो थर भेदून घट्ट तळापर्यंत जातो. त्यामुळें एकाच जागीं दोन ध्वनींनीं दोन खोल्या दिसतात, व दोन्ही खऱ्या असतात. ज्यास खाडींतून वरचेवर जावयाचें आहे त्यानें दोन्ही ध्वनींचें यंत्र घ्यावें व नांगर टाकतांना दोन्ही पाहावे. तळ कठीण असेल तर पट्टा गडद व जाड दिसतो, कित्येकदां दुप्पट खोलीवर त्याचीच दुसरी पुसट रेघ उमटते. चिखलाचा पट्टा फिका असतो व दुसरी रेघ येत नाहीं. जुने तांडेल शिशाच्या गोळ्याच्या बुडाला चरबी लावून तो दोरीनें सोडीत व चिकटून आलेली वाळू, शिंपल्याचा चुरा किंवा काळा चिखल पाहून आपण कोठें आहों तें सांगत. ती विद्या ज्याच्यापाशीं आहे त्यास यंत्राचे रंग आठ दिवसांत समजतात. ज्याच्यापाशीं नाहीं त्यास वर्षभर समजत नाहींत. आमच्या होडीवरील वृद्ध तांडेल चाचांनीं पहिल्याच फेरींत पडद्यावरचा एक पट्टा पाहून "इथं शिंपला हाय" म्हणून सांगितलें, व नांगराच्या नखाला शिंपल्याचा चुरा लागून आला.

खोलीच्या आंकड्याविषयीं दोन सूचना. जुना तांडेल वांवांत बोलतो, यंत्र मीटर किंवा फूट दाखवितें. वांव म्हणजे सहा फूट, सुमारें पावणेदोन मीटरांहून किंचित् अधिक. तांडेलानें "तीन पुरे" म्हटलें आणि पोरानें यंत्रावर तीन मीटर पाहून होडी पुढें घातली, तर अर्ध्याहून थोड्याच अधिक पाण्यांत होडी गेली. एकच माप ठरवून तेंच यंत्रांत लावावें, व तें होडीवरील प्रत्येकास ठाऊक असावें. दुसरें असें कीं, यंत्र खोली मोजतें ती ट्रान्सड्यूसरपासून. होडीचा तळ त्याहून खालीं असेल तर तेवढें अंतर वजा करण्याची सोय यंत्रांत असते. ती बसविणाऱ्याकडून त्याच दिवशीं लावून घ्यावी.

नकाशाच्या बाबतींत आम्हांस थोडा अधिकार आहे, म्हणून येथें जरा थांबतों. गांवनकाशा हातीं आला म्हणजे आम्ही प्रथम मोजणीचें साल पाहत असूं. ओढ्यानें पात्र बदललें, बांध फुटला, खार बुडाली, तरी कागदावर जुनी हद्द तशीच राहते, आणि त्या रेघेच्या जोरावर दोन भाऊ वर्षानुवर्षें कचेरीच्या पायऱ्या झिजवितात. समुद्राचा नकाशाही असाच. आपल्या देशाचे अधिकृत समुद्री नकाशे डेहराडून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालय तयार करतें. तें काम मोठ्या काळजीचें असतें; पण मोजणी मुख्यत्वें जहाजांच्या वाटांची होते. जेथें जहाजें जात नाहींत तेथें आंकडे विरळ असतात. यंत्र विकणारे परदेशी कारखाने आपापल्या नकाशांची निराळी चकती देतात. कांहीं स्वस्त यंत्रांत तर नकाशाच नसतो. कोऱ्या पडद्यावर होडीचा माग व आपण केलेल्या खुणा एवढेंच दिसतें. अशा यंत्रासही आम्ही वाईट म्हणत नाहीं, पण घेणाऱ्यानें तें जाणून घ्यावें. दुकानांत आपला किनारा पडद्यावर आणवावा, बाणकोटच्या मुखापासून आंत आंबेत-म्हाप्रळच्या पुलाकडे चित्र सरकवावें आणि खोलीचे आंकडे कोठपर्यंत दिसतात तें स्वतः पाहावें. जेथें आंकडे संपतात तेथें नुसता निळा रंग असला तरी त्यास खोल पाणी समजूं नये.

ज्या ठिकाणीं आंकडे आहेत तेथेंही मोजणी जुनी असूं शकते. २२ जुलै २०२१ च्या महापुरानें सावित्रीनें किती माती-दगड खालीं आणले हें महाडकरांस सांगावयास नको. पुढें त्या बाजूस नदींतून गाळही काढण्यांत आला. खाडीच्या मुखाशीं जो वाळूचा दांडा आहे तो तर पावसाळ्यागणिक जागा सोडतो. म्हणून दांड्यावरून जावयाची वाट नकाशावरून काढूं नये. भर दिवसा, चढत्या भरतींत, त्या बंदराच्या माहीतगार माणसाच्या मागोमाग जावें, यंत्रावर आपला माग उमटूं द्यावा, व तो माग त्या हंगामापुरताच खरा मानावा. चढती भरती अशासाठीं कीं, होडी टेकलीच तर पाणी तिला उचलतें. उतरत्या पाण्यांत टेकलेली होडी पुढच्या भरतीपर्यंत लाटांच्या तडाख्यांत तशीच राहते. नकाशांतील खोली अत्यंत उतरलेल्या ओहोटीच्या वेळची असते हेंही विसरूं नये. मुंबई बंदरांत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार मीटरांहून अधिक असतो; नकाशावर दोन मीटर लिहिलें असतां यंत्र सहा मीटर दाखवील, व त्यांत यंत्र किंवा नकाशा दोहोंपैकीं कोणाचीही चूक नसेल.

आतां त्या नुकसानीची हकीकत. आमच्या आप्ताच्या होडीस एका दुसऱ्या तांडेलाकडून जाळीं अडकणाऱ्या जागांची यादी मिळाली होती. बुडालेल्या गलबतांचे अवशेष, खडक वगैरे. यादी वहीच्या पानावर सुवाच्य लिहिलेली. ती यंत्रांत भरण्याचें काम अर्थातच आमच्याकडे आलें, व आम्हीं तें एका बैठकींत, कचेरींत नक्कल करावी तसें, बिनचूक केलें. निदान आम्हांस तसें वाटलें. त्या यादींत एका जागेचा अक्षांश १७ अंश ५८ मिनिटें ४५ सेकंद होता. यंत्र मात्र सेकंद विचारीत नव्हतें; तें मिनिटें व मिनिटांचे दशांश-शतांश मागत होतें. आम्हीं ५८.४५ असा आंकडा भरला. वास्तविक पंचेचाळीस सेकंद म्हणजे पाऊण मिनिट, तेव्हां ५८.७५ भरावयास पाहिजे होतें. रेखांशांत सेकंद शून्य असल्यामुळें तेथें चूक झाली नाहीं. अक्षांशाचें एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. आमची चूक तीस शतांश मिनिटांची, म्हणजे साडेपांचशें मीटरांची झाली, आणि ती खूण खऱ्या जागेच्या दक्षिणेस पडली. खलाशांनीं पडद्यावर खूण पाहिली, तिच्यापासून सावधगिरीनें अर्धा किलोमीटर उत्तरेस सरकले, व तेथें जाळें सोडलें. याहून नेमकें त्या अवशेषावर जाळें पडणें कठीण होतें. अर्ध्याहून अधिक जाळें तेथेंच राहिलें. चाचा म्हणत होते कीं ही जागा आपल्याला बरी वाटत नाहीं. पण पडदा पाहून ते गप्प बसले. आमच्या साखळीच्या हिशेबापेक्षां त्यांचें मन अधिक खरें ठरलें, आणि पुढील पौर्णिमेपर्यंत आम्हांस त्यांच्या घरावरून जाण्याचा धीर झाला नाहीं. जाळ्याची भरपाई आम्हीं आमच्या निवृत्तिवेतनांतून वांटून दिली.

तेव्हां कोणाकडूनही आंकडे घेतांना ते सेकंदांत आहेत कीं दशांशांत आहेत हें विचारावें. विचारण्याची सोय नसेल तर शेवटची जोडी पाहावी. यादींतील कोणत्याही जागीं साठ किंवा साठावरील आंकडा आला, तर ती यादी दशांशांची. सर्व आंकडे साठाच्या आंत असले तर ती सेकंदांची असण्याचा संभव अधिक, पण खात्री नव्हे. यंत्रांत दोन्ही पद्धति निवडतां येतात. यादी ज्या पद्धतीची तीच भरण्यापूर्वीं लावावी. भरल्यावर एक खूण अशी घ्यावी कीं जी डोळ्यांनीं दिसते, उदाहरणार्थ बाणकोटच्या किल्ल्याखालचें टोक किंवा वेसवीचा धक्का, व ती पडद्यावर आपल्या जागीं बसते कीं नाहीं तें पाहावें. ही पडताळणी आम्हीं केली असती तर हा मजकूर लिहावा लागला नसता.

हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था, जिला इन्कॉइस म्हणतात, उपग्रहांनीं मोजलेलें पाण्याच्या पृष्ठभागाचें तापमान व हरितद्रव्य यांवरून मासे मिळण्याजोग्या क्षेत्रांची सूचना फुकट देते. तिच्यांत बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली व अक्षांश-रेखांश असतात. चार्टप्लॉटर घेतला असेल तर ही सूचना त्यावर खूण करून वापरतां येते. मात्र तेथेंही वरील पथ्य पाळावें.

बसविण्याच्या कामांत होडी कशाची आहे हें पाहावें लागतें. सलग फायबरच्या तळाच्या आंतून ट्रान्सड्यूसर चिकटविला तरी ध्वनि बाहेर जातो. लांकडी तळांतून तो जात नाहीं. लांकडी होडीस भोंक पाडून बसवावयाचा असेल तर तो कांशाचा घ्यावा, कारण लांकूड पाण्यानें फुगतें व प्लॅस्टिकचें अंग त्याच्या दाबानें तडकतें. पिछाडीवर बाहेरून बसविणें सर्वांत स्वस्त. परंतु जी होडी रोज वाळूवर ओढतात तिच्यावर तो आपटून फुटतो, म्हणून धक्का बसतांच वर उचलला जाणारा टेकू मागावा. पंख्यापासून तो निदान हातभर दूर असावा, नाहीं तर पडदा बुडबुड्यांनीं भरून जातो. आमच्या होडीचा तळ फायबरचा असल्यानें आम्हीं तो आंतून चिकटविला. चिकटविण्यापूर्वीं मिस्त्रीनें पाण्याच्या पिशवींत ठेवून दोन-तीन जागीं चाचणी घेतली व जेथें चित्र स्वच्छ आलें तेथेंच पक्का केला. अशी चाचणी घेण्यास जो मिस्त्री कंटाळा करील त्यास काम देऊं नये. बाहेरून असलेल्या ट्रान्सड्यूसरवर शंख-शेवाळ चढतें तें मऊ फडक्यानें काढावें. थिनर किंवा ॲसिटोन लावल्यास त्याचा चेहरा खराब होतो.

विजेविषयीं आमचें मत ठाम आहे: इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीवर यंत्र चालवूं नये. यंत्रास वीज थोडीच लागते, सात इंचांच्या पडद्यास साधारण एक ते दीड अँपिअर. परंतु इंजिन बंद करून जाळ्यावर पांच-सहा तास होडी वाहत असतां तेवढ्यानेंही जुनी बॅटरी बसते, आणि मग नकाशावर आपण कोठें आहों हें स्वच्छ दिसत असूनही इंजिन चालूं होत नाहीं. यंत्रास १२ व्होल्टची निराळी बॅटरी द्यावी, तिच्या तारेंत कारखान्यानें सांगितलेलाच फ्यूज घालावा, व सांधे खाऱ्या हवेपासून झांकावे. होडी अशी वाहत असतां आणखी एक चमत्कार दिसतो: पडद्यावरील होडीचें टोंक इकडे-तिकडे भिरभिरतें. यंत्र होडीची दिशा तिच्या चालीवरून काढतें. चाल थांबली कीं त्यास दिशा कळत नाहीं. हा बिघाड नव्हे. साधें होकायंत्र होडीवरून काढूं नये.

पडदा सात इंचांहून लहान घेऊं नये, कारण अर्ध्या भागांत नकाशा व अर्ध्यांत तळ दाखवावा लागतो. तो दुकानाबाहेर, दुपारच्या उन्हांत नेऊन पाहावा. दुकानदार कुरकुरला तरी पाहावा. बोटानें चालणारे पडदे दिसावयास सुरेख, पण ओल्या व खारट बोटांना ते दाद देत नाहींत. आम्हीं बटनांचें यंत्र पसंत केलें. पाण्यापासून बचावाचा दर्जा आय. पी. एक्स. ७ असावा, म्हणजे मीटरभर पाण्यांत अर्धा तास बुडालें तरी तें टिकतें. गार्मिन, फुरुनो, लॉरेन्स वगैरे नांवांपैकीं कोणतें, असें आम्हांस पुष्कळ जण विचारतात. आमचें उत्तर असें कीं, आपल्या बंदरांत ज्याची दुरुस्ती करणारा माणूस आहे व ज्याची पावती पक्की मिळते तें घ्यावें. बिनपावतीचें स्वस्त यंत्र घेणें म्हणजे फेरफार न नोंदवितां जमीन घेणें होय.

हें यंत्र संकटांत मदत बोलावीत नाहीं, हें घरच्या माणसांनाही सांगून ठेवावें. तें काम निराळ्या साधनांचें आहे. मच्छीमार होड्यांवर उपग्रहामार्फत संदेश देणारे ट्रान्सपाँडर फुकट बसविण्याच्या योजनेचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें झाला. ज्याची होडी रीतसर नोंदलेली आहे त्यानें आपल्या बाबतींत चौकशी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयांत करावी. तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनि क्रमांक होडीवर रंगानें लिहून ठेवावा. आमच्या होडीच्या खर्चांत प्रथम चार जीवरक्षक जाकिटें आलीं व मग यंत्र आलें. हा क्रम आप्ताच्या पत्नीनें ठरविला व त्यांत कोणीही फेरफार करूं शकला नाहीं.

१ जून ते ३१ जुलै या यांत्रिक मासेमारीच्या बंदीच्या काळांत होडी वर ओढलेली असते व माणसें भाताच्या लावणींत गुंतलेलीं असतात. यंत्राचा पडदा त्यापूर्वींच काढून घरीं आणावा, गोड्या पाण्याच्या ओलसर फडक्यानें पुसावा, उंदरांपासून दूर कोरड्या जागीं ठेवावा. साठविलेल्या सर्व खुणा त्याच वेळीं वहींत उतरून घ्याव्या. यंत्र बिघडलें तर त्या खुणा परत मिळण्याचा दुसरा मार्ग बहुधा नसतो. आमच्या आप्ताच्या होडीची वही आमच्याकडे असते. प्रत्येक खुणेपुढें आंकडा कोणत्या पद्धतीचा तें लिहिलेलें आहे, कोणी सांगितली व केव्हां पडताळली तें लिहिलेलें आहे, आणि शेरा म्हणून एक रकाना चाचांच्या बोलण्याकरितां ठेवला आहे. गेल्या मे महिन्यांत ते वही पाहावयास आले, जाळें गेलेल्या जागेवर बोट ठेवून हंसले, आणि त्या रकान्यांत लिहावयास त्यांनीं आम्हांस आणखी दोन खडक सांगितले.